सेगाव, शेगाव आणि ==

जावा शिकलेल्या प्रत्येक माणसाला हा प्रश्न आयुष्यात एकदा तरी विचारला गेलेला असतो: "== आणि इक्वल्स यांत फरक काय?" कॉलेजची व्हायवा असो नाहीतर हिंजवडीतला तिसरा राउंड, प्रश्न तोच आणि उत्तरही आपल्या सगळ्यांना पाठ. == बघतं की दोन डबे एकच आहेत का, आणि इक्वल्स बघतं की दोन डब्यांतला माल सारखा आहे का. मग विचारणारा जरा खवचट असेल तर पुढचं काढतो. कोडमध्ये थेट लिहिलेल्या दोन सारख्या स्ट्रिंगांना == 'हो' म्हणतं, कारण जावा त्या एकाच ठिकाणी ठेवतं. पण 'न्यू' वापरून केलेल्या स्ट्रिंगेला तेच == 'नाही' म्हणतं. म्हणजे तुमच्या मशीनवर टेस्ट पास, आणि बाहेरून डेटा आला की बोंब. (सी वाल्यांचं आणखी वेगळं. तिथं दोन शब्द सारखे निघाले की उत्तर शून्य येतं, आणि शून्य म्हणजे 'खोटं'. अनेक पिढ्या यात घसरल्या आहेत.)

पण मंडळी, माझं म्हणणं असं आहे की हा प्रश्न फार लवकर थांबतो. डबा एकच का, हा पहिला प्रश्न. माल सारखा का, हा दुसरा. तिसरा कुणी विचारतच नाही: दोन्ही शब्द ज्याच्याबद्दल आहेत तो माणूस, ते गाव, ती जमीन एकच का? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं भाषेच्या मॅन्युअलमध्ये मिळतात. तिसऱ्याचं मिळत नाही. ते कुणीतरी ठरवावं लागतं, आणि बहुतेक वेळा ते आपण, न ठरवता, ठरवून टाकलेलं असतं.

हे पटवायला मी तुम्हाला आमच्या वर्धा जिल्ह्यात घेऊन जातो.

महात्मा गांधी १९३६ साली वर्ध्याजवळच्या सेगाव नावाच्या खेड्यात राहायला गेले. जमनालाल बजाज यांच्या आग्रहानं ते त्याआधीच वर्ध्याला आले होते, आणि आता त्यांना खेड्यातच राहायचं होतं. गाव लहान, पण तिथं येणारी डाक जगभरातली. आणि अडचण अशी की मुंबई-नागपूर रेल्वेच्या त्याच लाइनवर, बुलढाणा जिल्ह्यात, शेगाव आहे. गजानन महाराजांचं शेगाव. ते नाव सगळ्यांच्या ओळखीचं. तर सेगावची पत्रं जायची शेगावला. शेवटी १९४० साली गावाचं नावच बदललं आणि सेगावचं सेवाग्राम झालं.

आपण ही गोष्ट शाळेत ऐकतो ती 'सेवा' या शब्दासाठी. आता जरा आपल्या धंद्याच्या नजरेनं बघा. ही स्ट्रिंग कम्पॅरिझनची गडबड आहे हो! पत्रं वेगळी करणाऱ्या माणसानं पाकिटावरचा शब्द आणि डोक्यातला शब्द ताडून पाहिला, एका अक्षराचा फरक 'चालतंय' म्हणून सोडून दिला आणि पत्र चुकीच्या कप्प्यात टाकलं. तो आळशी होता असं मुळीच नाही. पत्ते लिहिणारे चुका करतात हे त्याला रोजच्या अनुभवानं माहीत होतं. आज आपण ज्याला फझी मॅचिंग म्हणून मोठ्या कौतुकानं विकतो, ते तो हातानं करत होता.

गंमत म्हणून हीच नावं आपल्या हत्यारांना देऊन बघू.

पहिलं हत्यार लेव्हेनश्टाइन अंतर. १९६५ साली या रशियन गणितज्ञानं मांडलेली कल्पना साधी आहे: एका शब्दाचा दुसरा शब्द करायला कमीत कमी किती अक्षरं घालावी, काढावी किंवा बदलावी लागतात ते मोजा. इंग्रजी स्पेलिंगमध्ये सेगाव ते शेगाव हे अंतर येतं १. फक्त एक 'एच' घातला की झालं. आणि सेगाव ते सेवाग्राम? ५. म्हणजे हे हत्यार म्हणेल की सेगाव आणि शेगाव बहुधा एकच, आणि सेगाव आणि सेवाग्राम यांचा एकमेकांशी संबंध नाही. वस्तुस्थिती बरोब्बर उलटी आहे.

दुसरं हत्यार साउंडेक्स. अमेरिकेत १९१८ साली पेटंट घेतलेलं, उच्चारावरून आडनावं शोधण्यासाठी बनवलेलं, आणि आजही बऱ्याच डेटाबेसांत तयार फंक्शन म्हणून मिळणारं. पहिलं अक्षर ठेवायचं, स्वर टाकायचे आणि उरलेल्या व्यंजनांना आकडे द्यायचे. सेगाव: एस२५०. शेगाव: एस२५०. डिट्टो. सेवाग्राम: एस१२६. परत तोच निकाल. आणि हे हत्यार वर्ध्याचं काय करतं तेही बघा. इंग्रजीत वर्धा कुणी 'डब्ल्यू'नं लिहितं, कुणी 'व्ही'नं. पहिलं अक्षर जसंच्या तसं ठेवायचं असल्यामुळे एक होतो डब्ल्यू६३० आणि दुसरा व्ही६३०. एकच शहर, एकच उच्चार, पण साउंडेक्सच्या लेखी दोन. आम्ही मराठी माणसं 'डब्ल्यू' आणि 'व्ही' दोन्ही 'व'च म्हणतो हे अमेरिकेतल्या त्या पेटंटवाल्यांना कुठून कळणार!

तेव्हा अक्षरं जवळ असणं आणि वस्तू एक असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बरं, अक्षरं तंतोतंत सारखी असली म्हणजे तरी झालं का? आमच्या जिल्ह्यात आठ तालुके: वर्धा, देवळी, सेलू, आर्वी, आष्टी, कारंजा, हिंगणघाट आणि समुद्रपूर. त्यांतला सेलू परभणी जिल्ह्यातही आहे. आष्टी बीडमध्येही आहे. कारंजा वाशीममध्येही आहे, म्हणून लोक एकाला कारंजा घाडगे म्हणतात आणि दुसऱ्याला कारंजा लाड. आठांतले तीन! फक्त तालुक्याचं नाव ताडून पाहणारा प्रोग्रॅम या तिन्ही ठिकाणी 'इक्वल्स ट्रू' म्हणेल आणि तुम्हाला भलत्याच जिल्ह्यात नेऊन सोडेल.

आता तुम्ही म्हणाल, ही गावांची भानगड आहे, स्ट्रिंगची नाही. निदान एकच शब्द एकाच स्पेलिंगनं लिहिला तर तो सारखा निघेल ना? नाही निघणार, आणि हे इंग्रजीत वाढलेल्या प्रोग्रॅमरला सांगून खरं वाटत नाही.

आमच्या नदीपलीकडच्या मुलखाचं नाव घ्या. वऱ्हाड. आणि आता हे बघा: वर्‍हाड. तुम्हाला दोन्ही सारखेच दिसतायत. पण पहिल्यात 'ऱ' हे वेगळं अक्षर वापरलंय, आणि दुसऱ्यात साधा 'र', हलन्त आणि त्याच्यामागे एक अदृश्य जोडचिन्ह. डोळ्याला फरक शून्य, कॉम्प्युटरला शब्दच वेगळा. युनिकोडचं नॉर्मलायझेशन लावा, तरी हे दोन एक होत नाहीत. तसंच 'ॲड.' आणि 'अॅड.' वकीलसाहेब एकच, पण एका पाटीवर २००८ साली युनिकोड ५.१ मध्ये आलेलं 'ॲ' आहे आणि दुसऱ्या पाटीवर 'अ'ला वरून चंद्र लावलाय. तेही नॉर्मलायझेशननं जुळत नाहीत. 'बँक' आणि 'बॅंक' घ्या. एकात चंद्रबिंदू हे एकच चिन्ह, दुसऱ्यात चंद्र आणि अनुस्वार ही दोन. हे दोनही जुळत नाहीत.

म्हणजे एनएफसी लावलं की झालं, असं समजू नका. ते लावायलाच हवं, कारण 'ऱ' एका कोडनं लिहिला काय किंवा 'र' आणि खाली नुक्ता असा दोन कोडांनी लिहिला काय, हा फरक त्यानं मिटतो. (स्विफ्ट भाषेतलं == तर हे आपणहून करतं. जावा आणि पायथनमध्ये ते सांगावं लागतं.) पण मराठीचे खास घोटाळे मराठी माहीत असलेल्या माणसानंच बसून यादी करून मिटवायचे आहेत. कॅलिफोर्नियातली समिती ते आपल्यासाठी करणार नाही, आणि तिनं ते करावं अशी अपेक्षाही नको.

आणि हे झालं फक्त टंकलेखनाचं. लिहिण्याच्या पद्धतीही बदलत आल्या आहेत. १९६२ साली शासनानं शुद्धलेखनाचे नवे नियम स्वीकारले आणि न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. त्याआधीच्या कागदावर 'नांव' आहे, 'गांव' आहे. नंतरच्या कागदावर 'नाव' आणि 'गाव'. पण पाट्या काही नियम वाचत नाहीत, त्यामुळे 'पुलगांव' अजून दिसतं. गावाच्या नावातलं 'पूर' दीर्घ लिहावं हाही त्याच नियमांतला एक. म्हणून मराठीत समुद्रपूर आणि नागपूर, आणि हिंदीत समुद्रपुर आणि नागपुर. लिपी तीच, गाव तेच, राज्य सरकारचा कागद आणि केंद्र सरकारचा कागद शेजारी ठेवले की स्ट्रिंग वेगळी.

आमच्या वर्ध्यानं तर आणखी एक भर घातली आहे. १९३६ साली स्थापन झालेल्या वर्ध्याच्या राष्ट्रभाषा प्रचार समितीनं त्या काळी 'अ'ची बाराखडी वापरली. इ, ई, उ, ऊ ही वेगळी अक्षरं न ठेवता 'अ'लाच सगळ्या खुणा लावायच्या. सावरकरही हेच सांगत होते, काका कालेलकरही. (दोघांचं एकमत झालेल्या फार थोड्या गोष्टींपैकी ही एक असावी.) म्हणजे 'उत्तर'चं 'अुत्तर' आणि 'इतिहास'चा 'अितिहास'. आज अशी जुनी पुस्तकं स्कॅन करून त्यांत कुणी 'इतिहास' शोधायला गेला, तर शोधयंत्र शांतपणे सांगेल: शून्य निकाल. पुस्तक समोर उघडं आहे, शब्द डोळ्यांना दिसतोय, आणि उत्तर शून्य.

असो. इथपर्यंत वाचून तुम्ही म्हणाल, वीकेंडला वाचायला मजेदार आहे, पण यात बिघडतं काय कुणाचं? शोध लागला नाही तर दुसऱ्या स्पेलिंगनं शोधू.

बिघडतं ते माणसांच्या नावांपाशी पोचल्यावर.

माझी एक मावशी सेलू तालुक्यात असते. तिचं माहेरचं नाव वेगळं, सासरचं वेगळं. लग्नात आडनावाबरोबर पाळण्यातलं नावही बदलायची आपल्याकडे रीत होती, अजूनही काही घरांत आहे. आजोबा गेल्यावर वडिलोपार्जित शेतात तिचा हिस्सा लागला. वारस नोंद झाली ती माहेरच्या नावानं, कारण आजोबांच्या घरी तिची ओळख तीच. आधार कार्डावर सासरचं नाव. आणि इंग्रजी स्पेलिंग बँकेच्या पासबुकात तिसरंच. हिश्श्याच्या शेतावर पीककर्ज काढायला ती गेली तेव्हा काउंटरवरच्या मुलानं स्क्रीन तिच्याकडे वळवून दाखवला. "मावशी, नाव मॅच नाही होऊन राहिलं." तिनं विचारलं, "काहून बा? मीच त हाओ." तो बिचारा तरी काय करणार! त्यालाही दिसत होतं की तीच आहे. गावातला मुलगा, तिच्या हातचा चहा प्यायलेला. पण स्क्रीनवर 'तीच आहे' असं बटणच नव्हतं.

मग तहसील. बाहेर बसणाऱ्या अर्जनवीसाकडून प्रतिज्ञापत्र: अमुक नावाची आणि तमुक नावाची व्यक्ती एकच असून ती मीच आहे. तुम्ही कधी असं प्रतिज्ञापत्र वाचलंय का? नीट वाचा. आपल्या प्रोग्रॅमनं जी कम्पॅरिझन करायला नकार दिला, ती एक बाई एक दिवसाची मजुरी बुडवून, एसटीचं तिकीट काढून, शिक्का मारून हातानं करून देते.

आता यात एक गोष्ट लक्षात घ्या. मुलीला वडिलांच्या जमिनीत बरोबरीचा हक्क महाराष्ट्रानं १९९४ साली दिला आणि देशानं २००५ साली. त्यासाठी किती भांडावं लागलं ते आपण वाचतो. म्हणजे कायदा सांगतो, ही मुलगी त्या घरची. आणि एक ओळीची कम्पॅरिझन सांगते, ही मुलगी त्या घरची नाही. पुरुषांची नावं जन्मभर बहुधा तीच राहतात. नाव बदलतं ते बायकांचं. तेव्हा 'तंतोतंत जुळलं तरच' हा नियम दिसायला सगळ्यांना सारखा असला, तरी त्याचा मार सारखा बसत नाही.

पुरुषही सुटतात असं नाही. नाव ज्ञानेश्वर असेल तर इंग्रजीत कुणी 'डीएनवायए'नं सुरुवात करतं, कुणी हिंदीच्या वळणानं 'जीवायए'नं. आमच्याकडच्या जुन्या महसुली कागदांत बापाचं नाव 'वल्द' लावून येतं, नवऱ्याचं 'जौजे' लावून. कुठं नामदेव, कुठं नामदेवराव. कुठं आडनाव आधी, कुठं शेवटी. २०१९ साली पीएम-किसान योजना सुरू झाली, वर्षाला सहा हजार रुपये, दोन-दोन हजारांचे तीन हप्ते. आधारवरचं नाव आणि योजनेतलं नाव जुळत नाही म्हणून इतके हप्ते अडकले की नाव आधारप्रमाणे दुरुस्त करायला संकेतस्थळावर वेगळी सोय ठेवावी लागली. शब्द बघा: दुरुस्त. जणू चूक शेतकऱ्याच्या नावात होती.

आणि पुढची पिढी रांगेत आहेच. १ मे २०१४ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आईचंही नाव लावायचं, असा निर्णय महाराष्ट्र सरकारनं २०२४ साली घेतला. निर्णय उत्तम, माझा पूर्ण पाठिंबा. पण याचा अर्थ असाही की त्या मुलांच्या आधीच्या कागदांवर नाव तीन शब्दांचं आणि नंतरच्या कागदांवर चार शब्दांचं. ज्या कुणाच्या कोडमध्ये पूर्ण नावावर == आहे, त्यानं ही तारीख लिहून ठेवावी.

आता विरुद्ध बाजू. ती नाही असं नाही, आणि ती हलकीही नाही. फझी मॅचिंग सैल सोडलं तर एकाचा हप्ता दुसऱ्याच्या खात्यात जाईल. एका गावात तीन नामदेव असतात, दोघांच्या बापांची नावंही सारखी असतात. जमिनीच्या व्यवहारात सारख्या नावाचा फायदा घेऊन झालेल्या लबाड्या विदर्भात काय आणि कोकणात काय, कुणाला नव्या नाहीत. पासवर्ड, ओटीपी, डिजिटल सही यांत तर एका बाइटचीही सूट नको. तिथं तंतोतंतच हवं. शिवाय सेगावची गोष्ट मी स्वतःच सांगितली: तिथं घोटाळा सैल मॅचिंगनंच झाला होता.

मान्य. पण म्हणूनच मी म्हणतो की हा तंतोतंत विरुद्ध सैल असा वाद नाही. दोन्ही चुका होणारच आहेत. वेगळ्याला एक म्हणण्याची चूक आणि एकाला वेगळं म्हणण्याची चूक. फरक आहे तो किंमत कोण मोजतं यात. पहिली चूक झाली की पैसे खात्याचे जातात, ऑडिट लागतं, चौकशी होते, आपल्या मॅनेजरला मेल येतो. दुसरी चूक झाली की मावशी एसटीत बसते. आपल्या डॅशबोर्डवर ती दिसतच नाही. दिसलीच तर 'रिजेक्टेड' अशा एका आकड्यात, आणि तो आकडा मोठा असेल तर उलट आपण म्हणतो, व्वा, किती बोगस पकडले! त्यामुळे आपण नेहमी पहिल्या चुकीला घाबरून कोड लिहितो. यात कुणाचा दुष्टपणा नाही. जी चूक आपल्याला दिसते तीच आपण टाळतो, इतकंच.

आणि हे ठरवणारं कुणीतरी असतं, हे विसरू नका. आधारच्या पडताळणीच्या तांत्रिक तपशिलात नाव जुळवताना 'तंतोतंत' की 'अंशतः' हे निवडायची सोय होती, आणि अंशतः असेल तर किती टक्के जुळलं म्हणजे पुरे तेही सांगता येत होतं. तो आकडा निसर्गानं दिलेला नाही. शंभर लिहायचे की ऐंशी, हे कुठल्यातरी एसी ऑफिसात, जेवणाआधी, तुमच्यामाझ्यासारख्या कुणीतरी टाइप केलं.

मग करायचं काय? आपल्याकडे याचं एक उत्तर फार पूर्वी दिलं गेलंय, आणि ते देणारा माणूस मराठी होता. श्रीराम भिकाजी वेलणकर. संस्कृतचे पंडित आणि कवी, आणि नोकरी डाकेच्या खात्यात. सारख्या नावांची गावं, वेगवेगळ्या भाषा, चुकीची स्पेलिंगं, अशक्य हस्ताक्षरं, हे सगळं पाहून त्यांनी सहा आकड्यांचा पिन कोड तयार केला. तो १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. आज सेवाग्रामचा पिन ४४२१०२ आणि शेगावचा ४४४२०३. पाकिटावर गावाचं नाव देवनागरीत असो, इंग्रजीत असो, 'स' असो नाहीतर 'श', पत्र जिथं जायचं तिथं जातं. १९४० साली डाकेची अडचण सोडवायला गावानं नाव बदललं. १९७२ नंतर ती गरज उरली नाही.

म्हणजे ओळखीसाठी नंबर वापरा, हे पहिलं. नाव हे नाव असतं, त्याला किल्ली करू नका. पण नंबर दिला म्हणजे काम संपलं असंही नाही, कारण नंबर चुकीच्या माणसाला जोडला जाऊ शकतो, आणि ते पकडायलाच नाव ताडून बघतात. तेव्हा ताडून बघाच, पण आधी धुऊन घ्या. नॉर्मलायझेशन, अदृश्य चिन्हं, ॲ, बँक, नांव, पूर, शब्दांचा क्रम. हे एका आठवड्याचं काम आहे, आणि एकदा केलं की जन्मभर पुरतं.

दुसरं, नाव एकाच रकान्यात बसवू नका. माणसाला अनेक नावं असतात: माहेरचं, सासरचं, सातबारावरचं, शाळेच्या दाखल्यावरचं. ती सगळी साठवा. प्रतिज्ञापत्र एकदा आलं की ते स्कॅन करून फाइलीत गाडू नका, ते 'हे नाव म्हणजे ते नाव' असं नोंदीत उतरवा. तीच बाई दोन वर्षांनी दुसऱ्या योजनेसाठी आली, तर तिला तेच पुन्हा शपथेवर सांगायला लावू नका. सेगाव म्हणजे सेवाग्राम हे अक्षरांवरून कुणालाही कळणार नाही. ते कुठंतरी लिहून ठेवलं असेल तरच कळतं.

तिसरं आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचं: उत्तरं दोन ठेवू नका, तीन ठेवा. हो, नाही आणि 'विचारा'. डेटाबेसवाल्यांना हे नवीन नाही, एसक्यूएलमध्ये ट्रू आणि फॉल्स यांच्याबरोबर 'अननोन' आधीपासून आहेच. आपणच ते उत्तर आलं की गुपचूप फॉल्समध्ये ढकलतो. माणसांच्या नावांच्या बाबतीत 'जुळलं नाही' याचा अर्थ बहुतेक वेळा 'माहीत नाही' एवढाच असतो. तेव्हा अर्ज फेकू नका, तलाठ्याकडे, काउंटरवरच्या त्या मुलाकडे पाठवा. त्याला बटण द्या, त्याची सही घ्या, तारीख नोंदवा, आणि लबाडी केली तर त्याला धरा. पण ओळखणाऱ्या माणसाच्या हातातून ओळखण्याचा अधिकार काढून तो एका ऑपरेटरला देणं, हे काही तंत्रज्ञान नव्हे.

शेवटी एकच सांगतो. सेगावचं सेवाग्राम झालं कारण तिथं येणारी पत्रं गांधीजींची होती. साध्या शेतकऱ्याच्या पत्रासाठी कुणी गावाचं नाव बदललं नसतं, आणि त्याच्या हप्त्यासाठी आज कुणी पद्धत बदलत नाही. त्यालाच सांगतात, तू नाव बदल. तर सोमवारी ऑफिसला गेलात की कॉफी घेण्याआधी एक काम करा. तुमच्या कोडमध्ये 'नाव' या रकान्यावर कुठं कुठं कम्पॅरिझन आहे ते शोधून काढा. प्रत्येक ठिकाणी बघा की 'नाही' आलं तर पुढं काय होतं, आणि ते निस्तरायला एसटीत कुणाला बसावं लागतं.